चट्ट्यांमागचं स्वादुपिंड

एप्रिल-मे महिन्यांत मालवणच्या किनाऱ्यावर लहान मुलाच्या अंगावर काही उठलं नाही तरच नवल. पारा पस्तिशीच्या आसपासच असतो, पण हवा इतकी दमट की घाम अंगावर वाळतच नाही. मानेच्या घड्या, काखा, जांघा लाल होतात, पाठभर घामोळी फुलते. पाऊस लागला की खरूज आणि गजकर्णाची पाळी. देवबाग, तारकर्ली, दांडी इथल्या घरांत खोबरेल, कडुलिंबाचा पाला आणि औषधाच्या दुकानातलं एखादं मलम एवढ्यावर बहुतेक प्रकरणं मिटतात. प्रश्न आहे तो न मिटणाऱ्यांचा. महिना-दीड महिना मलम चोळूनही बाळाच्या लंगोटाखालचे आणि तोंडाभोवतीचे चट्टे हटत नाहीत, उलट हातापायांकडे पसरतात, वजन मात्र तिथल्या तिथे राहतं. अशा बाळाचं दुखणं कातडीत नसून बरंच आत असू शकतं.

आत म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडव्या पडलेल्या स्वादुपिंडात. यकृत सुजलं, पानथरी वाढली तर डॉक्टरांच्या हाताला लागते. स्वादुपिंड सहसा लागत नाही. त्याची कामं दोन. अन्न पचवणारे रस आतड्यात सोडायचे आणि इन्सुलिनसारखी संप्रेरकं रक्तात. रस करण्याची त्याची ताकद एवढी मोठी, की स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या लायपेजचं उत्पादन सुमारे ९० टक्के घटेपर्यंत शौचात न पचलेली चरबी उघड दिसत नाही. बिघाड इतका मुका असल्यामुळेच बाहेरच्या खुणांना मोल आहे. यातली जवळपास कोणतीही खूण एकट्या स्वादुपिंडाची नाही, हे आधीच सांगायला हवं. कातडी, शौच आणि वजन ही तिन्ही एकत्र वाचली तरच खूण बोलते; आणि आपल्याकडे ती बहुतेकदा तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या माणसांसमोर मांडली जातात.

सर्वांत शिकवणारं उदाहरण सिस्टिक फायब्रोसिसचं. हा आजार जनुकीय. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो. शरीरातले स्राव चिकट होतात, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, पुढे फुप्फुसंही. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांनी नावातच स्वादुपिंड घातलं होतं. या मुलांपैकी सुमारे ८५ टक्क्यांचं स्वादुपिंड पाचकरस पुरवू शकत नाही. खोकल्याने आजार ओळखला जातो हे खरं, पण काही बाळांत खोकल्याच्या कितीतरी आधी कातडी बोलते.

ही बाळं काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतची. सुरुवात लंगोटाच्या जागी लाल, खवलेदार चट्ट्यांनी होते. मग तोंडाभोवती, डोळ्यांभोवती, पुढे हातापायांवर. जुन्या भिंतीवरच्या रंगाचे पोपडे निघावेत तशी कातडी सुटते. केस विरळ होतात, बाळ चिडचिडं होतं, पांढुरकं दिसतं. छाती तपासली तर स्वच्छ. आतमध्ये घडत असतं ते असं : चरबी पचत नाही म्हणून अत्यावश्यक मेदाम्लं अंगी लागत नाहीत, प्रथिनं वाया जातात, जस्तही पुरेसं मिळत नाही. कातडी सतत नवी होत राहणारी, म्हणून ही उपासमार तिथे लवकर उमटते.

यात एक फसवणूक आहे आणि ती जीवघेणी ठरू शकते. रक्तातली प्रथिनं खाली गेली की अंगावर सूज चढते. गाल भरतात, पावलं गुबगुबीत दिसतात, आणि शेजारीपाजारी म्हणतात की बाळाने छान बाळसं धरलंय. वजनकाट्यावरही सुजेचं पाणी चरबीसारखंच मोजलं जातं. पावलावर अंगठा पाच सेकंद दाबून धरला आणि उचलल्यावर खळगा राहिला तर ते बाळसं नव्हे. एवढी साधी तपासणी अंगणवाडीतही होते, आणि दोन्ही पावलांवर खळगा पडणं हे तीव्र कुपोषणाचं लक्षण म्हणून अंगणवाडी सेविकांना शिकवलेलंही असतं. पुढची पायरी मात्र राहून जाते. दूध नीट पिणारं, घरात खायला-प्यायला असलेलं बाळ असं का सुकलं, हा प्रश्न विचारलाच जात नाही. कुपोषण म्हटलं की गरिबीशी गाठ घालून आपण मोकळे होतो.

दुसरी चकवणारी गोष्ट जस्ताची. जन्मतः जस्त शोषता न येण्याचा एक वेगळा आजार आहे. अ‍ॅक्रोडर्मटायटिस एन्टरोपॅथिका हे त्याचं नाव. त्याचं वर्णन नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ डानबोल्ट यांनी १९४२ मध्ये केलं. त्यातले चट्टेही असेच तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती, हातापायांच्या टोकांना. तिथे जस्त दिलं की काही दिवसांत चमत्कार वाटावा असा उतार पडतो. आपल्याकडे जुलाब झालेल्या बाळाला ओआरएसबरोबर १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची पद्धत रुळली आहे आणि ती उत्तम आहे. पण सिस्टिक फायब्रोसिसच्या बाळाला त्याच गोळ्यांनी थोडा उतार पडू शकतो, आणि घरचे निर्धास्त होतात. मूळ तूट पाचकरसांची असते. ते बाहेरून दिल्याशिवाय आणि पोषण सुधारल्याशिवाय चट्टे पुरते जात नाहीत. दिले तर एक-दोन आठवड्यांत कातडी कशी नितळ होते, हे पाहिलेले बालरोगतज्ज्ञ ते विसरत नाहीत. आईचं दूध मात्र अशा बाळाचंही तोडायचं नाही. दोष दुधाचा नसतो, पचवणाऱ्या रसांचा असतो.

या उपचाराची स्वतःची खूणही कातडीवर उमटते. पाचकरसांचे बारीक दाणे थोड्या आंबटसर फळाच्या गरातून भरवतात. ते बाळाच्या हिरड्यांत अडकले तर तोंड येतं, आणि मात्रा जास्त झाली तर न वापरलेले रस शौचातून उतरून गुदद्वाराभोवतीची कातडी पोळतात. औषध सुरू झाल्यावर लंगोटाखाली पुन्हा लाली दिसली तर आजार उलटला असं धरून मात्रा वाढवू नये. डॉक्टरांकडून आधी ती तपासून घ्यावी.

मीठ हा या आजाराचा दुसरा धागा, आणि तो किनाऱ्यावर फार गुंत्याचा होतो. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात आणलेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिसची मुलं जास्त असल्याचं तिथल्या डॉक्टरांना दिसलं. पॉल दि सांताग्नेझे यांनी पाठपुरावा केला आणि १९५३ मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ बेसुमार जास्त असतं. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी पिलोकार्पिन हे औषध सौम्य विद्युतप्रवाहाने कातडीत उतरवून घाम गोळा करण्याची रीत बसवली. तीच घामतपासणी आजही निदानाचा पाया आहे. घामातलं क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त असेल तर निदान जवळपास पक्कं, ३० च्या खाली असेल तर शक्यता कमी, मधलं असेल तर पुढच्या तपासण्या. सुजलेल्या बाळात मात्र हा आकडा खोटा कमी येतो. ज्या बाळाला तपासणीची सर्वाधिक गरज तेच तिला चकवा देतं, म्हणून सूज उतरल्यावर ती पुन्हा करायची असते.

‘चेडवाचो मुको घेतलो तर तोंडाक मीठ लागता’ असं एखाद्या आजीने सांगितलं तर मालवणात त्यात कोणाला विशेष वाटणार नाही. वारा खारा, वाळू खारी, होडीवरून आलेल्या बापाचे हात खारे. म्हणून इथे प्रश्न नेमका विचारावा लागतो. गोड्या पाण्याने आंघोळ घालून, घरात झोपवून उठवलेल्या बाळाच्या कपाळावर वाळलेल्या घामाची पांढरी रवाळ पूड दिसते का? मे महिन्यात ते ताप-जुलाबांशिवाय मलूल पडतं का, ओकतं का, डोळे खोल जातात का? मीठ असं घामातून झरत राहिलं तर रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड खाली जातं, रक्त अल्कधर्मी होतं. साध्या जुलाबांतल्या शुष्कतेत रक्त सहसा आम्लधर्मी होतं, त्यामुळे सलाइन लावण्याआधी काढलेला रक्ताचा एक नमुना दोन्हींतला फरक सांगतो. थंड हवेच्या देशांपेक्षा आठ-नऊ महिने घाम काढणाऱ्या कोकणपट्टीत या लक्षणाकडे अधिक लक्ष असायला हवं.

भारतात हा आजार नाहीच, असा समज कित्येक दशकं होता. चंदीगडहून पहिल्या रुग्णाची नोंद १९६८ मध्ये झाली. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काबरा आणि डॉ. मधुलिका काबरा यांनी घामतपासणी, जनुकतपासणी आणि उपचार यांची घडी बसवली. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांवरून काढलेले अंदाज १० हजारांत एक ते ४० हजारांत एक असे आहेत. युरोपीय मुलांपेक्षा हे बरंच कमी, पण नाहीच म्हणण्याइतकं खचित नाही.

थोड्या मोठ्या मुलांत आणखी एक गमतीदार वाटणारी पण खरी खूण दिसते. हात पाण्यात घातल्यावर दोन-तीन मिनिटांत तळवे पांढरट होऊन सुरकुततात, वर बारीक फोडांसारखे उंचवटे येतात. १९७४ मध्ये एलियट यांनी ती सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांत नोंदवली. जनुकाची एकच बिघडलेली प्रत असणाऱ्या निरोगी नातेवाइकांतही ती दिसू शकते. तासभर समुद्रात डुंबलेल्या कोणत्याही मुलाची बोटं सुरकुततातच. इथे महत्त्व आहे ते लवकर होण्याला. याशिवाय बोटांची टोकं फुगून नखं गोल होतात, ती मुख्यतः फुप्फुसांच्या दुखण्यामुळे. अ जीवनसत्त्वाअभावी कोपर-गुडघ्यांवर खरखरीत पुटकुळ्या येणं, के जीवनसत्त्वाअभावी सहज काळंनिळं पडणं, या खुणा मात्र चरबी न पचण्याच्या लेकी. शेवटची विशेष जपून पाहावी, कारण अंगावरचे निळे डाग दिसले की संशय आधी घरातल्या माणसांवर जातो.

स्वादुपिंडाचे आणखी दोन जन्मजात आजार कातडीवर उतरतात. श्वाचमन-डायमंड आजारात, ज्याचं वर्णन १९६४ मध्ये झालं, पाचकरस कमी आणि पांढऱ्या पेशीही कमी. बाळाला इसबासारखी कोरडी, खाजरी कातडी, वारंवार गळवं, खुंटलेली उंची. जोहान्सन-ब्लिझर्ड आजार त्याहून दुर्मीळ, पण नजरेला ठळक. नाकपुड्यांच्या पाळ्या जवळपास नसतात आणि टाळूवर एखाद्या जागी कातडीच आलेली नसते. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत असे दोन प्रतींचे आजार वाढतात, हे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत असलेल्या घरांना सांगायला संकोच करू नये.

आता उलट बाजूचा आजार, जिथे दोष रक्तातल्या चरबीचा आणि मार बसतो स्वादुपिंडाला. लायपोप्रोटीन लायपेज हे विकर जन्मतः नसेल तर जेवणातली चरबी रक्तातून हटतच नाही. दहा लाखांत एखाद्याला होणारा हा आजार, पण त्याची खूण विसरता येत नाही. ढुंगणावर, कोपरांवर, गुडघ्यांवर अचानक उगवलेले, मोहरीएवढे पिवळसर दाणे आणि त्यांच्याभोवती लालसर कडा. ते नख लावून फोडायला जावं तर पू निघत नाही. रक्त काढलं तर नळीत दुधाळ थर साचतो; प्रयोगशाळेतला माणूस नमुना खराब झाला म्हणून टाकून देतो आणि निदान तिथेच हुकतं. ट्रायग्लिसराइड १००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका उभा राहतो. बाळ पोट आवळून रडतं आणि सगळे त्याला वात धरला म्हणतात.

उपचार म्हणजे जेवणातली चरबी अगदी मोजकी ठेवणं. इथे मालवणी घराला एक गोष्ट खास सांगावी लागते. अशा मुलांना मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं शुद्ध तेल देतात. ते खोबऱ्यापासूनही काढतात, म्हणून घरचं खोबरेल चालेल असा समज होतो. चालत नाही. खोबरेलात सर्वांत मोठा वाटा लॉरिक आम्लाचा, आणि त्यातलं बरंचसं त्याच अडलेल्या वाटेने रक्तात येतं. वाटपाचं खोबरं, सोलकढीचा नारळाचा रस, तळलेली सुरमई हे सगळं या एका मुलाच्या ताटातून काढणं, तेही बाकीचं घर जेवत असताना, हा औषधाहून अवघड भाग आहे.

मधुमेहही स्वादुपिंडाचाच आजार, पण त्याची कातडीवरची चाहूल सहज निसटते. लंगोट सुटलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलीला जांघेत बुरशीचा लालभडक चट्टा येतो, कडेला बारीक पुटकुळ्या, मलमाने जातो आणि पुन्हा येतो. त्याच सुमारास ती रात्री पाणी मागते, अंथरूण ओलं करते, लघवीला मुंग्या लागतात. मुंग्यांची खूण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे आणि ती अजून खोटी ठरलेली नाही. बोटाच्या टोकातून एक थेंब रक्त घेऊन साखर मोजणं प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं, आणि ते त्याच दिवशी करायला हवं. लहान मुलात पहिल्या प्रकारचा मधुमेह काही दिवसांत बेशुद्धीपर्यंत नेऊ शकतो. मोठ्या, स्थूल मुलाची मखमली काळी मान ही वेगळी गोष्ट. ती मळ नव्हे, घासून जात नाही, आणि सांगते ते इन्सुलिन वाया जात असल्याचं. तिथे स्वादुपिंड आजारी नसून जादा राबत असतं.

शेकाच्या खुणेकडे कोकणात अधिक बारकाईने पाहायला हवं. स्वादुपिंडाच्या दीर्घकाळच्या दाहात पोट वरच्या बाजूला दुखतं, कळ पाठीत जाते, मूल गुडघे पोटाशी घेऊन बसतं. घरात हाताशी असतो तो शेक. ओव्याची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं. रोज त्याच जागी शेक बसला की काही आठवड्यांत पोटावर किंवा पाठीवर जाळीदार, तपकिरी-लालसर नक्षी उमटते. भाजल्यासारखी नाही, दुखतही नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. डॉक्टरने सदरा वर केला तर त्या जाळीतून दुखण्याची जागा आणि मुदत दोन्ही कळतात. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांना तापलेल्या लोखंडाने डंबा देण्याची प्रथा अजून पुरती संपलेली नाही. ते डागही पोटातल्या दुखण्याची नोंदच असतात, फार क्रूर हातांनी केलेली. आईला आधी झापून काही साधत नाही. पोट का फुगलं ते शोधणं हे पहिलं काम.

स्वादुपिंडाचा हा दीर्घकाळचा दाह आपल्या देशात लहान वयात सुरू होऊन स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेह घडवतो, हे केरळच्या डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात जगापुढे आणलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या अशा रुग्णांचा सात वर्षांचा पाठपुरावा १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा हा फक्त केरळचा आजार नाही हे स्पष्ट झालं. या आजाराचा दोष आधी टॅपिओकाच्या कंदावर ठेवला जाई, तो पुढे ढिला पडला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये स्पिंक-१ जनुकातल्या बदलांशी त्याचा संबंध दाखवला.

अचानक येणाऱ्या तीव्र दाहात बेंबीभोवती किंवा कुशीत निळसर डाग पडतात, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. कलन आणि ग्रे टर्नर यांनी ते अनुक्रमे १९१८ आणि १९२० मध्ये नोंदवले. मुलांत ते क्वचित दिसतात आणि त्यांची वाट पाहणं धोक्याचं. सायकलचा दांडा पोटात घुसणं, गालगुंड, जंत पित्तनळीत शिरणं, फेफऱ्याचं व्हॅल्प्रोएट औषध ही कारणं आधी विचारावीत. विंचवाचाही उल्लेख हवा. त्रिनिदादमधल्या एका विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाचा दाह होतो हे १९७० पासून माहीत आहे, आणि कोकणातल्या लाल विंचवाच्या विषानेही प्रयोगातल्या कुत्र्यांत तो झाल्याचं मुंबईच्या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं. पण विंचू चावलेल्या मुलाला खरा धोका हृदयाचा. भिजवून टाकणारा घाम आणि गार पडलेले हातपाय ही त्याची कातडीवरची खूण. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने ही लढाई जिंकायला शिकवलं; त्यात पोटदुखीचा शोध नंतर.

या सगळ्यांत सर्वाधिक नुकसान करणारी गोष्ट आजार नसून मलम आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळते. सरकारने २०१८ मध्ये त्वचेवरची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी दुकानांतली सवय सुटलेली नाही. लंगोटाखाली झाकलेल्या, ओल्या, सोललेल्या कातडीतून हे औषध थेट रक्तात जातं. चट्टा फिका पडतो, मूल आणखी सुजतं, आणि वाचायला ठेवलेली खूणच पुसली जाते. तीन आठवड्यांत न हटलेल्या चट्ट्यावर चौथी ट्यूब देण्याऐवजी बाळाचं वजन करावं, हे औषधविक्रेत्यानेही म्हणायला हवं.

शासनाची चौकट कागदावर अपुरी नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतात; त्वचारोग आणि तीव्र कुपोषण या दोन्ही नोंदी त्यांच्याच तक्त्यावर असतात. एकाच बाळाच्या नावापुढे दोन्ही रकान्यांत खूण झाली तर ते बाळ ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांपुढे जायला हवं, एवढी एक ओळ त्या तक्त्यावर छापली तरी बरंच साधेल. पुढची वाट सिंधुदुर्गकरांच्या पायाखालचीच, बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबई. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसच्या पाचकरसांचा समावेश आहे आणि मुंबईचं केईएम त्यासाठीच्या नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. पालकांनी तिथे नोंदणी मागावी.

पहिल्या उत्तरासाठी मात्र बाळाला रात्रभर गाडीत बसवून नेण्याची गरज नाही. घामतपासणीसाठी मूल यंत्रापाशी न्यावं लागतं, पण शौचातलं इलॅस्टेज मोजण्यासाठी फक्त डबी जाते. हे विकर स्वादुपिंडातूनच येतं, आतड्यात फारसं मोडत नाही, नमुना प्रवासात टिकतो, आणि बाहेरून पाचकरसांची औषधं सुरू असली तरी आकडा बिघडत नाही. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर स्वादुपिंड कमी पडतंय, १०० च्या खाली आलं तर फारच. पाण्यासारख्या पातळ शौचात तो खोटा कमी येतो, म्हणून नमुना जुलाब थांबल्यावरचा घ्यावा.